गाडी पहिल्या गिअरमध्ये होती

लेहच्या पुढे, चौदा हजार फुटांवर आमचं वर्कशॉप होतं. मी तेव्हा नाईक, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव केंदूर, तालुका शिरूर. शेजारच्या दौंड तालुक्यातले आणखी दोघं तिथे होते. पोपट कासुर्डीचा, माझ्यासारखाच मेकॅनिक. लान्स नाईक बाळू पाटसचा, ड्रायव्हर. एवढ्या लांब आपल्याकडची तीन माणसं एकत्र पडणं ही मोठी गोष्ट होती. आम्ही एकाच बरॅकमध्ये होतो.

दिवस ठरलेला असे. साडेपाचला उठायचं, सहाला गाड्या सुरू करायच्या. थंडीत एक इंजिन सुरू व्हायला अर्धा तास जाई. हातमोजा काढून पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटे. दुरुस्ती झाली की मेकॅनिक जॉब कार्ड भरायचा आणि खाली सही करायचा. ती सही बघून ड्रायव्हर गाडीत बसायचा. काही विचारायचा नाही.

रिटायर झाल्यावर तिघांनी मिळून एक जीप बांधायची, हे बाळूच्या डोक्यातलं. तो म्हणायचा, "कॉन्व्हॉयमधी कुठं थांबायचं ते दुसराच ठरीवतो. आपल्या गाडीनं येऊ. वाटंल तिथं थांबू."

अपघात झाला त्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय सात वाजता निघाला. बाळूची गाडी चौथी, रॉकेलच्या बॅरलनी भरलेली. आदल्या दिवशी ती ब्रेकच्या तक्रारीसाठी वर्कशॉपमध्ये होती. काम पोपटने केलं होतं. बाळूच्या शेजारी सिपाही केवल बसला होता, हिमाचलमधल्या कांगड्याचा. एकवीस वर्षांचा.

नऊ चाळीसला रेडिओ वाजला.

"गाडी नंबर चार नीचे गई है. रिकव्हरी भेजो. ओव्हर."

"आदमी कितने? ओव्हर."

"दो."

रिकव्हरी पार्टीत मी होतो. दोर लावून खाली उतरायला दोन तास लागले. दोघंही गेलेले होते. मी केबिन बघितली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.

चौकशी बसली तेव्हा मी ते सांगितलं. पडताना लिव्हर हलला असेल, असं ठरलं. रॉकेल पेटून ब्रेकचे पाइप जळून गेले होते, त्यामुळे तपासायला काही उरलं नव्हतं. पोपटच्या जॉब कार्डावर लिहिलेलं होतं, होज (ब्रेकची रबरी नळी) बदलला, टेस्ट ओके. मला विचारलं, या मेकॅनिकचं काम कसं आहे? मी सांगितलं, साहेब, त्याचं काम मी चार वर्षं बघतोय, अर्धवट कधी सोडत नाही. निकाल लागला. उतारावर वेग जास्त, चूक ड्रायव्हरची.

सुट्टीवर आलो तेव्हा पाटसला बाळूच्या वडिलांकडे गेलो. रखमाजी आबा. ते दारातल्या बाजेवर बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"माझ्या पोरामुळं दुसऱ्याचं पोर गेलं, आसं कागदात लिव्हलंय. खरं हाय का?"

मी म्हणालो, "चौकशीत तसंच निघालं, आबा."

त्यानंतर आबांनी बाळूचा गणवेशातला फोटो भिंतीवरून काढला. गावात पंधरा ऑगस्टला त्यांना झेंड्याला बोलवायचे. ते गेले नाहीत.

मी हवालदार होऊन रिटायर झालो. पोपट माझ्या आधी आला होता. कासुर्डीला हायवेच्या कडेला त्याचं शेड आहे. सीझनमध्ये ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं काम त्याच्याकडे असतं. मी गेलो आणि म्हणालो, बाळूची गाडी बांधायची. तो म्हणाला, "बांधू की."

लिलावातली एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. बॉडी उतरवली, चासी घासून नवे पट्टे मारले. डिझेल इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं. दगडधोंड्यातून जायचं म्हणून स्प्रिंगचे पाटे लांब घातले आणि गाडी चार इंच उचलली. पुढे अडकलेली गाडी ओढून काढायला विंच, मागे दुसरी टाकी, पाण्याचं पिंप, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून वर लोखंडी पिंजरा. अकरा महिने मी रोज केंदूरहून कासुर्डीला जात होतो. दुपारी पोपटच्या घरून डबा यायचा, आम्ही एकाच ताटात जेवायचो. ते दिवस चांगले होते. हे लिहिताना हात अडतो, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

गाडी उचलली की चाक खाली जास्त लोंबतं. मग कंपनीचा ब्रेकचा होज आखूड पडतो आणि ताणून तुटतो. चारही बाजूंना लांब होज लागतात. ते काम पोपटकडे होतं. ट्रायलच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "होज टाकले?"

"बघितलंय समदं. ओके हाय."

मी खाली वाकून बघितलं नाही. त्याने सांगितलं होतं.

ट्रायल केंदूरच्या वरच्या डोंगरात घेतली. रविवार, सकाळी साडेआठ. पोपट खाली वळणावर वॉकीटॉकी घेऊन उभा. मी वरून एकटा.

"दत्ता, वाट मोकळी हाय. ये खाली."

"येतो."

तिसऱ्या वळणाआधी एक घळ आहे. डावं पुढचं चाक तिच्यात लोंबलं आणि पेडल एकदम फरशीला टेकलं. पुन्हा दाबलं. काही नाही. ब्रेकची लाइन एकच होती, सगळं तेल तिथूनच गेलं. हँडब्रेक उतारावर धरेना. डाव्या हाताला दरी. मी गिअर खाली आणत पहिल्यात घातला. इंजिन ओरडलं, गाडी थोडी धरली. स्टिअरिंग उजवीकडे तोडलं आणि गाडी दरडीवर घातली. पिंजऱ्याने मला वाचवलं. खांदा निखळला.

पहिल्या गिअरवर माझा हात तसाच होता. माणूस तो गिअर कधी घालतो, ते मला तेव्हा कळलं.

पोपट धावत वर आला. मी खाली उतरून चाकामागे बघितलं. आखूड, जुना होज. तुटून लोंबत होता.

"हे काय?"

"लांब होज आले न्हाईत. तुला आज गाडी चालवायचीच व्हती. म्हणलं, लांबच्या टूरला निघायच्या आधी टाकतो."

"मग ओके का म्हणालास?"

त्याने होजचं तुटकं टोक अंगठ्याने पुसलं.

"पोपट, तिकडंबी असंच केलंवतं?"

तो खाली बसला. माझ्याकडे न बघता बोलला. "स्पेअर आला नव्हता. जुनाच बांधून दिला. कार्ड भरायचं व्हतं. कॉन्व्हॉय थांबला असता तर माझ्यावर आलं असतं."

"आन् चौकशीत?"

"बाळू गेलावता, दत्ता. त्याला काय फरक पडणार व्हता? माझी नोकरी गेली असती. आन् तू तर माझ्या बाजूनं बोललावतास."

मी त्याला मारलं नाही. खांदा चांगला असता तर मारलं असतं का, सांगता येत नाही. एवढंच म्हणालो, "चल पाटसला. आबांना सांग."

"न्हाई जमायचं."

"मग लिहून दे."

"न्हाई."

मी ॲम्ब्युलन्सने शिरूरला गेलो. तो गेला त्याच्या शेडवर. त्यानंतर आम्ही बोललो नाही. शेड अजून आहे, कामही भरपूर आहे. लोक म्हणतात, पोपटशेठसारखा मेकॅनिक न्हाई.

मी माझा जबाब लिहून लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. खांदा बरा झाल्यावर पाटसला गेलो. आबांना सगळं सांगितलं. माझी साक्षही सांगितली. वाटलं, शिव्या देतील. दिल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"म्हंजी पोरगं गाडी रोकत व्हतं."

"व्हय, आबा. शेवटपर्यंत."

"त्या दुसऱ्या पोराच्या बापाला कुणी सांगितलं का?"

"नाही."

"मग मला घिऊन चल."

मी म्हणालो, रेल्वेने जाऊ. ते म्हणाले, "बाळूची गाडी हाय ना?"

गाडी डोंगरातून ओढून घरी आणली, ठोकून नीट केली. होज मी स्वतः टाकले, प्रत्येक चाक जॅकवर लोंबवून बघितलं. आबांचं वय एकोणऐंशी. रोज सहाला निघायचं, अंधार पडायच्या आत थांबायचं. कांगड्याला पोचायला पाच दिवस लागले. वाटेत आबांनी एक हिंदी वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं.

केवलचं घर एका चढावर होतं. त्याचे वडील चहाच्या मळ्यात कामाला होते, आता थकलेले. मी ओळख सांगितली. आबा उभेच राहिले, हात जोडून. त्यांनी ते वाक्य म्हटलं. "मेरा लडका गाडी रोक रहा था."

केवलच्या म्हाताऱ्या बापाने आबांचे हात धरून त्यांना खाली बसवलं. मग माझ्याकडे बघून बोलला. मी आबांना मराठीत सांगत गेलो.

तो म्हणाला, कागद आमच्याकडेही आला होता. वेगामुळे अपघात, असं होतं. आम्ही तो कधीच खरा मानला नाही. केवल फोनवर हसायचा, म्हणायचा, आमचा ड्रायव्हर उस्ताद इतकी सावकाश गाडी चालवतो की मेसच्या लंगरमध्ये आम्हाला नेहमी गार जेवण मिळतं.

बाईने पदरात घालावं तसं आबांनी उपरण्यात तोंड घातलं. केवलचे वडील त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मी बाहेर आलो. त्या माणसाने बाळूला कधी बघितलं नव्हतं. मी बाळूच्या गाडीत दोन वर्षं बसलो होतो, गार जेवण मीही जेवलो होतो. चौकशीत मी ते सांगितलं नाही.

लान्स नाईक बाळू, पाटस. सिपाही केवल, कांगडा. बाळू सावकाश चालवायचा.