ओल्या फरशीवरची पावलं
परवा मिरजेच्या दवाखान्यात फिनेलचा वास नाकात शिरला आणि कडेगावचं आमचं घर आठवलं. धाकटे दीर पलटणीतून सुट्टीवर येणार होते, म्हणून मी सकाळपासून फिनेलच्या पाण्यानं घर पुसत होते. फौजेतून निवृत्त झालेले सासरे दारातून म्हणाले, “पाणी कशाला घालतीस? नुसतंच वत. पलटणीत आमी असंच पुसायचो, लय साफ निघतंय.” मी बाटली तशीच ओतली. त्यांच्या मांडीवर झोपणारी मांजरी ओल्या फरशीवरून चालत गेली. तिच्या पावलांचे ठसे उमटले म्हणून मी चिडून पुन्हा फिनेल ओतलं. ती चुलीपाशी बसून पंजे चाटत राहिली, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय लटपटले. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ती गेली. दीर आले तेव्हा फरशी चकाकत होती आणि सासरे परसात खड्डा खणत होते. “मामा, मीच वतलं वो,” मी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. “पर वत म्हणलं कुणी? मीच की.” आता मी फिनेल पाण्यात कालवते, वरून साध्या पाण्यानं दोनदा पुसते आणि फरशी वाळेपर्यंत दारात बसून राहते. घरात मांजर नाही, तरीही.