ताई फील्डवर आहे

माणूस गेलं की त्याचे किस्से वाढायला लागतात. जिवंत असताना हेच किस्से म्हणजे कटकट असते. आमच्या घरी आता येणारा जाणारा प्रत्येक जण माझ्या ताईचा एक किस्सा ठेवून जातो, आणि त्यातल्या निम्म्या किश्श्यांमधली मुलगी मला ओळखूच येत नाही. शांत, सोशिक, खाली मान घालून चालणारी. हर्षदाताईला शांत म्हणणारा माणूस एक तर बहिरा असेल, नाही तर तिला कधी भेटलाच नसेल.

ताई जळगावला ठिबकच्या कंपनीत फील्ड इंजिनियर होती. डेंग्यूने गेली. अजून महिनाही झालेला नाही. कंपनीचा फोन माझ्याकडेच राहिलाय आणि त्यावर अख्ख्या खान्देशातले शेतकरी फोन करतात. तिचे साहेब म्हणाले, "सोमवारी सिम जमा कर. तोपर्यंत ज्याचा फोन येईल त्याला सांगून टाक." सांगून टाक! जसं काही दुकान आज बंद आहे. मला अजून एकालाही सांगता आलेलं नाही. मी सगळ्यांना एकच सांगतो, "ताई फील्डवर आहे."

*

तिची नोकरी नवीन होती तेव्हा शिंदखेड्याकडे एका मळ्यात मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. मी नववी नापास, रिक्षा चालवतो. त्या दिवशी रिक्षाचं काम निघालं होतं म्हणून मोकळा होतो. मळेवाल्या आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इंजिनियर कोठे शे?"

"मीच," ताई म्हणाली.

आबा हसले. मग माझ्यासाठी बाज टाकली, चहा मागवला आणि मोटर कुठली, पाईप कुठला, सगळं मला सांगत बसले. मी मान हलवत होतो. ताई उन्हात गुडघ्यावर बसून पाईप उघडत होती, गाळ काढत होती, परत जोडत होती. दोन तासांनी शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचलं.

निघताना आबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमनी असिस्टंट हुशार शे."

रस्ताभर मी हसत होतो. धुळ्यात चहाला थांबलो तर ताईने एकच कप मागवला. म्हणाली, "साहेब, तुमचा झालाय."

*

शबाना ही तिची ऑफिसातली मैत्रीण, तिथे माती तपासायचं काम करते. दोघी एकदा धुळ्याहून पिंपळनेरच्या बसमध्ये चढल्या. बस गच्च. एक काका खिडकीला बसलेले आणि शेजारच्या सीटवर त्यांची पिशवी. ताईने पिशवी उचलायला सांगितलं तर काका सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलले, "अर्ध्या तिकिटात फिरायचं आणि सीट मात्र पूर्ण पाहिजे या बायकांना."

ताईने कंडक्टरला हाक मारली. "भाऊ, यांच्या पिशवीचं तिकीट फाडा. पुरुष आहे ती, पूर्ण फाडा."

पिंपळनेर येईपर्यंत काका पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शबाना सांगते, उतरताना ताईने त्या पिशवीला नमस्कार केला.

*

दोघींनी एकदा सापुताऱ्याला जायचं ठरवलं. आमच्या घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे. शबानाच्या घरी सांगितलं, हर्षदाच्या मावशीकडे जातोय. शबानाचे अब्बा जळगावला टेलर आहेत. साधा माणूस, पण नजर सुईची. त्याच दिवशी बाजारातल्या कापडवाल्यांची सहल नेमकी सापुताऱ्याला गेली आणि अब्बांनाही सोबत घेऊन गेली.

तलावाच्या काठावर समोरासमोर गाठ पडली. शबाना ताईच्या मागे सरकली. अब्बांनी शांतपणे विचारलं, "मौसी किधर है?"

ताईने जराही न अडखळता रस्त्यावर स्ट्रॉबेरी विकत बसलेल्या बाईकडे बोट केलं. "ये क्या, मौसी."

बाई म्हणाली, "आओ बेटा, कितना दूँ?"

अब्बांनी अर्धा किलो घेतली. हातावर तोलून बघितली. म्हणाले, "तुम्हारी मौसी बहुत प्यार से बोलती है. लेकिन तौल में बेईमान है." घरी त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. ताई गेली त्या दिवशी मात्र आमच्या ओट्यावर बसून त्यांनी हा किस्सा मलाच सांगितला, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

*

साहेब पुण्याचे. कंपनीने ताईसाठी शोकसभा ठेवली तेव्हा माईकवर म्हणाले, "हर्षदा मॅडमनी कधी आवाज चढवला नाही." शबाना दुसऱ्या रांगेत होती. तिने ओढणी तोंडात कोंबली. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

आता खरं ऐका. धुळ्याजवळ एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता. साहेब पडद्यावर चित्रं दाखवून इंग्रजीत समजावत होते. मध्येच लाईट गेली. साहेबांचा माईक बॅटरीवर, म्हणून ते बोलतच राहिले. कोऱ्या पडद्यावर काठी टेकवून म्हणाले, "ॲज यू कॅन सी."

मागून ताई ओरडली, "साहेब, यांना आधीच दिसत नव्हतं. आता तुम्हालाही दिसेना का?"

मंडप हसून लोळला. साहेबांनी पंधरवडाभर तिला पिंपळनेरच्या पलीकडची डोंगरातली गावं दिली. तिला तेच पाहिजे होतं.

*

शोकसभेनंतर साहेब शबानाला घेऊन घरी आले. आई ताई गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. पाणी दिलं तर प्यायची, नाही दिलं तर तशीच बसायची. साहेब तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "काकू, तुमच्या हातचं भरीत आम्ही विसरणार नाही. हर्षदा दर शुक्रवारी डबा भरून आणायची. काय ती चव!"

आमच्या घरात वांगं येत नाही. ताईला लहानपणापासून वांग्याने खाज सुटायची. मी शबानाकडे पाहिलं. शबाना भिंतीकडे बघायला लागली. कंपनीच्या रस्त्यावरच एक भरीतवाला आहे आणि आमचा स्टीलचा डबा दर शुक्रवारी तिथे भरला जायचा, हे मला तेव्हा कळलं.

आईने साहेबांकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांनी पहिला शब्द बोलली.

"लबाड."

साहेब गडबडले. त्यांना वाटलं, त्यांनाच म्हणाली. मी कशाला सांगू?

*

रविवारी दुपारी शिंदखेड्याकडच्या एका नानांचा फोन आला. त्यांच्या कापसाला ठिबक ताईनेच बसवून दिलं होतं. आतापर्यंत त्यांनाही मी फील्डवर आहे, फील्डवर आहे करत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सिम द्यायचं होतं. मी रिक्षा झाडाखाली लावली, मनाचा हिय्या केला आणि म्हणालो, "नाना, ताई गेली."

"कोठे गयी?"

मी रिक्षाची चावी काढली, परत लावली.

"दुसरी कंपनीमा गयी का? मी बोलनू व्हतू, हाई पोर तठे टिकनार नही."

"नाही नाना. घर सोडून गेली. आता येणार नाही ती."

"अरे, लगीन व्हयनं का? मंग तसं सांग ना," नाना म्हणाले. "जळगाववाला बठ्ठा असाच शेतस. एक पत्रिकाबी धाडी नही. नवरदेव कोणता गावना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी भलतंच काही बाहेर आलं. हँडलवर डोकं टेकून मी हमसत राहिलो. एक पॅसेंजर जवळ आला, मला बघून पुढच्या रिक्षाकडे गेला.

मला वाटलं, फोन कट झाला. मग नानांचा आवाज आला, एकदम हळू.

"पोर गयी का घर खावाले उठस. मनी पोर सासरले गयी तव्हय मी गोठामा जाईसन रडनू. रड भाऊ, रड. फोन मी लायेल शे. रिचार्ज मनं शे."