घमेल्यातली अंघोळ

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या दूध सोसायटीने आष्टीच्या रस्त्याला चारा छावणी लावली. घरी वैरण उरली नव्हती, म्हणून जनावरं छावणीत आणि त्यांच्यामागं आम्ही. माझी बैलांची एकच जोडी, पण सांभाळायला माणूस लागतोच. पोरगी जेमतेम तीन वर्षांची, घरी तिच्या आईजवळ. बोलायला लागली तेव्हा मला अप्पा म्हणायची. मधे बरेच दिवस घरी जाणं झालं नाही. एकदा बायको तिला घेऊन भाकरी द्यायला आली, तर पोरगी आईच्या पदरामागं लपली आणि मला म्हणाली, "मामा, आमचा बैल कुठंय?"

छावणीतली माणसं पोट धरून हसली. मीही हसलो, पण जीव तुटला. अनोळखी दिसेल तो प्रत्येक माणूस तिच्या लेखी मामा, आणि मी त्यांच्यात जमा झालो होतो.

"आवं, दाढी किती वाढलीय तुमची," बायको म्हणाली. "लेकरू वळखंल कसं?"

पुढच्या खेपेला दाढी करून बसलो. तरी मामाच. या वेळी मात्र तिच्या काखेत अंगणवाडीत मिळालेलं एक पुस्तक होतं. पानोपानी एकेक बाप आणि त्याचं लेकरू, चित्राखाली एक ओळ मराठीत, एक इंग्रजीत. मी ते वाचायला घेतलं तशी ती हातभर अंतर राखून बसली. मराठी वाचून पान उलटायला गेलो, की बोट ठेवायची. "खालचं बी वाच." वाचता येत नव्हतं, पण ओळी दोन आहेत हे तिला पक्कं ठाऊक. ज्या इंग्रजीनं मला कॉलेजात रडवलं, ती आता दावणीत बसून मोठ्यानं वाचत होतो.

"लई झ्याक इंग्रजी बोलतोस की," शेजारचा म्हातारा म्हणाला. "बैल बी कान टवकारून उभे हायेत."

नुसतं वाचून भागेना. चित्रातला बाप करतो ते करून दाखवायचं. वेणी घाल. घातली, ती सुतळी वळल्यासारखी झाली. घोडा हो. झालो, गुडघे शेणानं भरले. खरं सांगतो, त्या चित्रातल्या बापांचा मला रागच आला. एकालाही कामधंदा दिसेना, आणि कपडे सगळ्यांचे परीटघडीचे.

मग टबाचं पान आलं. काठोकाठ पाणी, त्यात पोर, आणि बाप तिच्या डोक्यावर पाणी ओततोय. मी वाचायच्या आत तिनंच पान उलटलं.

"हे नको, मामा. पाणी न्हाई."

हट्ट नाही, रुसवा नाही. मला ते सोसलं नाही. एवढ्याशा पोरीनं इतकं समजूतदार व्हायचं? मी तावातावानं उठलो.

त्या दिवसांत छावणीत आम्ही सगळे बाजेवर बसून अंघोळ करायचो. बाजेखाली घमेलं ठेवायचं, अंगावरून गळालेलं पाणी त्यात साठायचं आणि ते जनावरापुढं जायचं. साबण बंद, कारण साबणाच्या पाण्याला बैल तोंड लावत नाही. मी बाज बाजूला सारली, पोरीला सरळ घमेल्यातच बसवलं आणि तांब्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतायला लागलो.

"आवं, बैलांचं पाणी हाय ते!" बायको ओरडली.

"बैलांनाच जाणार हाय," मी म्हणालो.

पोरगी आधी दचकली, मग दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागली. बायकोही कपाळाला हात लावून हसू लागली. आम्ही असे रमलेलो असताना एका बैलाचा धीर सुटला. त्यानं मान लांब करून पोरीच्या मांडीशी तोंड खुपसलं, सुर्र करून पाणी ओढलं आणि वर तिचा गुडघाही चाटला.

"अप्पा!" ती किंचाळली आणि ओल्या अंगानं माझ्या गळ्याला मिठी मारून वर चढली. "अप्पा, त्यो पितोय! माझं पाणी पितोय!"

मग खिदळायला लागली, पण मिठी काही सोडीना. माझा सदरा चिंब झाला.

"पी बाबा, पी," मी बैलाला म्हणालो. माझे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.