धुरावरचा गूळ

जेवणाच्या सुट्टीआधी शेडमध्ये गूळ वाटायचं काम माझं. माजरीकडच्या कोळसा खाणीतल्या खोदायच्या मशीनच्या फाटक्या बकेटी, त्यांचे झिजलेले दात आमच्याकडे वेल्डिंगला यायचे. मी ठेकेदाराचा सुपरवायझर. वर टिनाचे पत्रे, धूर जायला एकच जाळी, तीही काजळीनं बुजलेली. माणसं शिंकरायची तेही काळं, आणि तोच हात पँटला पुसून गुळासाठी पुढं करायची. मला त्यांची किळस यायची. हो, त्यांचीच.

मास्कचा खोका माझ्याच कपाटात होता. साहेब तपासणीला आले की वाटायचे, गेले की गोळा करायचे. कोणी मागितलाच तर माझं उत्तर ठरलेलं, "गूळ खा न गा, सारा धूर उतरून जाते."

आमच्यातला सगळ्यात जुना वेल्डर, त्याला सारे मिस्त्री म्हणायचे. त्याचा जोड इतका सफाईदार, की घासायला ग्राइंडर लावावा लागत नसे. गेल्या वर्षी हा माणूस गूळ घेऊन जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा.

"भाऊ, मले गूळ नाई भेटला."

ओठाला गूळ चिकटलेला असायचा. बाकीचे फिदीफिदी हसायचे. एकदा मी सगळ्यांसमोर त्याला हावरट म्हणालो. तो मान खाली घालून निघून गेला.

मग एक दिवस वेल्डिंगचा होल्डर हातात धरून त्यानं मला विचारलं, "याचं काय करू भाऊ?" उभा जन्म ज्याच्यात गेला, तेच तो विसरला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बसनं चंद्रपूरला घेऊन गेलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, कशानं झालं ते छातीठोक सांगता येणार नाही. पण वेल्डिंगच्या धुरात धातूचे कण इतके बारीक असतात, की नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. तिथं सूज येते, आठवण कमी होत जाते.

"धुरापासून बचावाला काय वापरत होते बाबा?"

"गूळ," मिस्त्री ऐटीत म्हणाला.

"गूळ पोटात जातो. त्यानं नाकातला धूर कसा उतरेल? कोणी सांगितलं हे तुम्हाला?"

आता हा माझ्याकडं बोट दाखवणार. दाखवायलाच पाहिजे होतं त्यानं. तो कपाळाला आठ्या घालून बराच वेळ आठवत राहिला.

"नाव नाई आठवत," तो म्हणाला, "पन मानूस लय जीव लावनारा होता बाई."

मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. माझीच शिसारी आली मला. तरी 'मीच तो' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.