गोठ्याच्या पत्र्यावरचं ऊन

स्वीडनला निघाले त्या दिवशी कशेळ्याच्या स्टँडवर आई, बाबा आणि शेजारचे बाळूकाका मला सोडायला आले होते. कर्जतची जीप भरेपर्यंत बाबा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "उनाचं शिकायला जिथं ऊनच नाय तिथं कशाला जातीस गं?" शिष्यवृत्ती तिथली मिळाली, असं मी दरवेळी सांगत होते. आईने डोळे पुसले आणि पोरगी पीएचडीला चाललीय, तिला पुढं बसव, असं जीपवाल्याला बजावलं.

माझं काम सोलर सेलचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक स्फटिकांचा थर काचेवर द्यायचा आणि तेवढ्याच उन्हातून जास्त वीज कशी निघेल ते बघायचं. गावात याचा अर्थ एवढाच पोचला, की मी सोलर बसवते. घरी फोन केला की कुणाच्या तरी बंद पडलेल्या सोलर कंदिलाची तक्रार ऐकावी लागे.

तुमच्यातले जे स्वीडनला येऊन गेलेत त्यांना माहीत आहे, हिवाळ्यात दुपारचं जेवण होतंय तोवर सूर्य मावळतो. आम्ही प्रयोगशाळेत दिव्याचं ऊन पाडायचो. त्यात माझे सेल झकास चालायचे, पण दमट हवा लागली की काळपट सेल पिवळा पडून मरायचा. त्यावर मी एक संरक्षक थर शोधला होता. माझ्या प्रोफेसरबाईंना तो पटेना. खऱ्या पावसाळ्यात टिकला तर मानेन, नाहीतर विषय बदल, असं त्यांनी सांगून टाकलं. मी फोनवर रडले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग हिकडं आण की. आमच्या चपलांनापण बुरशी येती."

प्रोफेसरबाईंना ते एकदम पसंत पडलं. काचांमध्ये बंद केलेले सेल घेऊन मी घरी आले, गोठ्याच्या पत्र्यावर बसवले, शेजारी मोजमाप स्वीडनला पाठवणारी पेटी लावली आणि परत गेले. राखण बाबांकडे. पावसाने उघडीप दिली की आई त्या काचांवर ओल्या गोधड्या टाकायची, मग माझ्या आलेखात भर दुपारी रात्र व्हायची. आमच्या गोठ्यावर जमीन मोजायचं यंत्र लागलंय, अशी बातमीही पसरली. नेरळचा एक दलाल इथं रिसॉर्ट येतंय का, म्हणून विचारायला आला. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

बाबा रोज सकाळी शिडीवरून मला आवाजी निरोप पाठवायचे. एक नंबरची काच बरी हाय, दोन नंबर बरी हाय. एके दिवशी त्यांचा आवाज जड झाला. "चार नंबर गेली गं. कालधरनं पिवळी पडली व्हती."

हे कुंपणापलीकडून बाळूकाकांनी ऐकलं. थोड्याच वेळात अर्धी आळी आमच्या ओटीवर येऊन खाली मान घालून बसली. आईला वाटलं, ग्रामपंचायतीचं काही असेल, तिने चहा टाकला. शेवटी बाळूकाकांनी हळूच विचारलं, म्हैस किती दिवस आजारी होती. बाबा तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "पाणी शिरलं व्हतं आत."

बाकीचे सेल भातकापणीपर्यंत तगले आणि प्रोफेसरबाईंनी माझा थर मानला. प्रबंधात आमच्या गोठ्याचा फोटो आहे, कोपऱ्यात गोधडीचं टोक दिसतं. परीक्षकांनी ते कोणतं उपकरण, असं विचारलं. मी 'सावलीची चाचणी' म्हणून वेळ मारून नेली.

आता मी इथेच, स्वीडनमध्ये नोकरीला आहे. प्रयोग संपला, काचा उतरवा, असं बाबांना किती वेळा सांगितलं. ते म्हणतात, राहू दे, तेवढंच रोज बोलायला कारण. घर म्हणजे काय, असं इथे कुणी विचारलं तर पूर्वी मी नकाशात कर्जत शोधून दाखवायचे. आता सकाळी कॉफी करताना फोन कानाला लावते आणि गोठ्यावरून आलेला निरोप ऐकते. आजचा असा होता: "दोन नंबर जरा पिवळी वाटती. येऊन बघून जातीस का?"

पेटी अजून चालू आहे. दोन नंबर ठणठणीत असल्याचं मला स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय. तरी विमानाची तिकिटं बघायला बसलेय.