काचेमागचं घर

माझ्या मोटरसायकलची पुढची काच बटण दाबलं की मोटरवर वर सरकते. महिनाभर ती सरकताना करकरत होती. काल आमच्या अन्वरभाई मेकॅनिकनी गाडीच्या तोंडावरची पॅनेलं उतरवली. काढलेला प्रत्येक स्क्रू ते पुठ्ठ्यावर, तो गाडीत जिथे होता तिथेच, टोचून ठेवत होते. शेवटी पुठ्ठ्यावर गाडीचा चेहरा उमटला.

आत, काच उचलणाऱ्या दांड्याला चिकटून, कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. दांडा त्यालाच घासत होता.

मी बघतच राहिलो. ही गाडी सकाळी मी घेऊन जातो ती उन्हं कलताना आणतो. म्हणजे चिखलाची गोळी तोंडात धरून ती माशी कितीदा आली असेल आणि घरच जागेवर नसेल. तरी तिनं दुसरी जागा धरली नाही. संध्याकाळचा थोडासा उजेड आणि माझे रविवार, एवढ्यावर तिनं भिंती उभ्या केल्या.

अन्वरभाईंनी स्क्रूड्रायव्हर पुढे नेला आणि थांबवला.

“दोन कप्पे अजून बंद आहेत. आत पिल्लं असणार.”

“मग?”

“पंधरा दिवसांनी आणा. तोवर काच खालीच राहू द्या.”

पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून परत आपापल्या जागी गेले.

घरी येताना वारा थेट छातीवर येत होता. स्पीडब्रेकरवर मी इतकी हळू घेतली, की मागचा रिक्षावाला वैतागून ओरडला, “काका, अंडी घेऊन चाललाय का?”

मी नुसती मान डोलावली.