पुष्करचं उघडं कॅबिनेट

रविवारची जेवणं झाली आहेत. आई आतल्या खोलीत पडली आहे, मी सोफ्यावर आडवी झालेय. खाली कोणीतरी गाडी धुतंय, पाण्याचा आवाज येतोय. डोळे मिटता मिटता तो आवाज कोरडा होत जातो, कॉम्प्युटरच्या पंख्याच्या घरघरीसारखा. आमच्या घरातली ती घरघर बंद होऊन वर्ष झालंय, एवढं मला झोपेतही कळतं.

टीव्हीसमोर पुष्कर बसलाय. माझा धाकटा भाऊ. गेल्या श्रावणात गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पाठमोरा आहे, आणि चाकाच्या खुर्चीत नाही, फरशीवर मांडी घालून बसलाय. शेवटची सहा वर्षं त्याला मांडी घालता येत नव्हती.

"ताई, आवाज येतोय ना?" तो मागे न बघता विचारतो.

"येतोय."

"मग चालू आहे अजून."

त्याला स्नायूंचा आजार होता. बोटं एकेक करून गेली. कॉलेजात असताना त्याने सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. भलंमोठं कॅबिनेट, त्याची एक बाजू कायम उघडी, कारण सारखं काहीतरी बदलायचं असायचं. एखादं बोट निकामी झालं की त्या बोटाचं काम तो कीबोर्डच्या दुसऱ्या कळेवर न्यायचा. मग कळाही जमेनात, तेव्हा मित्राकडून दारावरच्या बेलचं बटण कीबोर्डला जोडून घेतलं. ते कोपराने दाबायचं. एक बोट, एक कोपर आणि हनुवटी एवढ्यावर तो गाड्यांच्या शर्यती खेळायचा, आणि जिंकायचाही.

न्यूमोनिया होऊन तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता, तेव्हा मी ते कॅबिनेट भंगारात दिलं. वायरी, बटण, सगळं. खोलीत वरखाली होणारा पलंग बसवायचा होता आणि जागा नव्हती. बदल्यात खास खेळण्यासाठीच केलेला एक छोटा काळा डबा आणला. आत कॉम्प्युटरच असतो, पण टीव्हीला लावायचा आणि हातातल्या कंट्रोलरने खेळायचं. जोडाजोडी नाही, उघडायची गरज नाही, असं दुकानदार म्हणाला. मला नेमकं तेच आवडलं. पुष्कर घरी आला, बघितलं, "मस्त आहे, ताई" म्हणाला. रोज संध्याकाळी मी बँकेतून यायचे तेव्हा टीव्हीवर गाड्या धावत असायच्या आणि कंट्रोलर त्याच्या मांडीवर असायचा. चार महिन्यांनी तो गेला.

आता आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आहोत. दोन्ही बाजूंना खाटा आहेत आणि खाटांवर कॅबिनेटं ठेवली आहेत, एक बाजू उघडी, आत पंखे फिरतायत. पुष्कर पुढे चालतोय. प्रत्येक खाटेपाशी वाकतो, आत बघतो, पुढे जातो.

काय शोधतोयस, असं मी विचारत नाही. मला माहीत आहे.

"माझं कुठे ठेवलंस?" तो विचारतो.

"दिलं. भंगारात."

तो मान हलवतो. रागावत नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

"त्या डब्यात माझी बोटं नव्हती गं," तो म्हणतो. "कंट्रोलरला दोन अंगठे लागतात."

मग सांगितलं का नाहीस, मी म्हणते. त्या डब्यालाही कीबोर्ड जोडता आला असता, सगळं पुन्हा बसवून घेतलं असतं.

"जोडता आला असता. पण ते बसवायला मला सहा वर्षं लागली होती, ताई. आणि तू दारातून आत आलीस की चपला काढायच्या आधी विचारायचीस, कसं चाललंय म्हणून."

"मग चार महिने काय करत होतास?"

"कोणी काही दाबलं नाही ना, की तो गेम स्वतःच खेळायला लागतो. गाड्या आपापल्या पळतात. मी बघत बसायचो."

खाटा संपतात. भंगाराच्या दुकानात पत्र्यांच्या ढिगावर त्याचं कॅबिनेट आहे. वायर कशालाच जोडलेली नाही, तरी पंखा फिरतोय. पुष्कर हात पुढे करतो. बोटं उलगडत नाहीत.

"तू बंद कर," तो म्हणतो. "किती दिवस चाललाय."

मी उघड्या बाजूने हात आत घालते. पातं बोटाला लागतं, अडखळतं, थांबतं. इतकी शांतता होते की मी वळून त्याच्याकडे बघते, आणि तिथे आमच्या हॉलची भिंत असते.

आई समोर उभी आहे. चहा ठेवू का विचारतेय. मी उठून बसते आणि कोणालाच न सांगितलेलं तिला सांगून टाकते, की पुष्कर त्या डब्यावर कधी खेळलाच नाही.



"तुझी यायची वेळ झाली की मला टीव्ही लावायला सांगायचा," आई म्हणते. "तो कंट्रोलर मांडीवर मीच ठेवायचे."

मग ती माझा हात धरून खिडकीच्या उजेडात नेते. हे कुठे लावून घेतलंस, विचारते. तर्जनीच्या टोकावर केसाएवढी बारीक चीर आहे, रक्त अजून ओलं आहे, आणि त्याला राखाडी, मऊ धूळ चिकटली आहे. आई ती पदराने पुसायला जाते. मी बोट मिटून घेते.